बिनफटीचं दार

वेल्डरला एकाच गोष्टीचा गर्व होता: त्याच्या दारात फट नसते. दार बसवून झालं की चौकटीत पोस्टकार्ड सरकवून दाखवायचा आणि ते अडलं की छाती फुगवायचा. गिऱ्हाइकं वाहवा करत. फक्त सासूबाई नाक मुरडत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांच्या तोंडून कधी साधं 'बरं केलंत' निघालं नव्हतं, आणि हे त्याला फार लागायचं.

म्हणून त्यांच्या गच्चीवरच्या खोलीचं लोखंडी दार त्याने जीव ओतून केलं आणि सकाळच्या गारव्यात बसवलं. पोस्टकार्ड अडलं. सासूबाई म्हणाल्या, "बघू किती टिकतंय."

आजवर त्याची सगळी दारं सावलीत होती. हे पहिलंच भर उन्हातलं. दुपारी सासूबाई गाद्या ठेवायला आत गेल्या, वाऱ्याने दार लागलं आणि हलेचना.

"आई अडकलीये. ग्राइंडर घेऊन ये," बायकोचा फोन आला.

वेल्डर धापा टाकत पोचला. सासरे दार ढकलून दमले होते. चहाची वेळ टळत चालली, हीच त्यांची मुख्य चिंता. वेल्डरने दाराला हात लावला. चटका बसला आणि डोक्यात प्रकाश पडला.

"आई, लोखंड तापलं की त्याचे कण जोरात हलतात, एकमेकांपासून जरा लांब सरकतात. त्यांना जागा लागते. म्हणून दार फुगलंय."

"मग ठेवायची होती की जागा," आतून आवाज आला.

दार कापावं तर उरलीसुरली अब्रूही जायची. त्याने बायकोकडून बादल्या मागवल्या आणि दारावर पाणी ओतत सुटला. लोखंड निवलं, कण पुन्हा जवळ आले आणि दार कुरकुरत सुटलं.

आत खिडकीखाली, वाऱ्याला, सासूबाई गादीवर पसरल्या होत्या. डोळे झोपेने जड झालेले.

"चुकलंच माझं. आत्ताच कडा घासून देतो," वेल्डर मान खाली घालून म्हणाला.

"खबरदार हात लावाल तर. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा दुपारचा डोळा लागला. ऊन उतरेपर्यंत चहा मागायला कोणी आत येऊ शकत नाही. बरं केलंत, जावईबापू."

जिन्यात सासऱ्यांनी त्याला गाठलं. "ते ग्राइंडर जरा ठेवून जा," ते हळूच म्हणाले.

वेल्डरने ग्राइंडर काखेत घट्ट धरलं आणि खाली उतरला. इतक्या वर्षांनी मिळालेलं 'बरं केलंत' तो घासून घालवणार नव्हता.