निजामी रुपयाची कडी

चि. सानिका आणि निनाद,

माझ्या हातून आजवर एकच नाणं खराब झालं, आणि तेही मी दुरुस्त केलं म्हणून! परवा तुम्ही तुमच्या नव्या संग्रहातल्या भोक पडलेल्या नाण्याचा फोटो पाठवून विचारलंत, "आजी, हे डॅमेज्ड म्हणायचं का?" उत्तर देण्याआधी हे सांगणं भाग आहे.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाची, रोजच्या बंदची वर्षं होती. परभणीत आमच्या ओसरीवर दर रविवारी नवशिके संग्राहक नाणी घेऊन यायचे आणि मी निवाडा द्यायची. साधं, खराब, की फेरफार केलेलं! (माझ्या निवाड्यावर अपील नव्हतं.)

एका रविवारी राणीसावरगावहून नणंदबाई आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शांताचं लग्न. हातात कडी लावलेला निजामी रुपया. माझ्या दिवंगत सासूबाईंच्या माळेतला, दोरा तुटून निसटलेला.

"वैनी, व्याहीणबाई म्हणायल्यात चांदी खोटी हाय. तुमी एवढं बघा, मी बांगड्या घेऊन येते. आज्जीची माळ गळ्यात असल्याबिगर शांता बोहल्यावर चढायची न्हाई. अन् चारची गाडी गाठायचीय. उद्या बंद-बिंद झाला तर लगीन तुमच्याच ओसरीवर लावावं लागंल!"

चांदी अस्सल होती. इथं मी थांबायला हवं होतं. पण मला ती कडी दिसली! रुपयावरच्या चारमिनारच्या डोक्यावर, कडी जोडलेल्या डाखाचा ओघळ! फेरफार! आणि तोही सासूबाईंच्या नाण्यात! मी तडक कोपऱ्यावरच्या सोनाराकडे गेले.

"कडी काढा, डाग घासा. मूळ रूप दिसलं पाहिजे."

"बाई, माळेतला दिसायलाय. नक्की?"

"नक्की!"

साडेतीनला वन्सं परतल्या. मी रुपया त्यांच्या हातावर ठेवला, बक्षीस द्यावं तसा.

"कडी कुठाय?"

"काढली! आता हे नाणं निर्दोष आहे."

"अन् गळ्यात कशानं लावू? डिंकानं?"

तुमचे आजोबा पेपरातून म्हणाले, "आक्का, हिला तुझी नथ दाखवू नकोस. तार काढून ठेवील."

पुन्हा सोनार! जुनी कडी मुशीत वितळून गेलेली. त्यानं नवी शोधली. मी समोर उभी राहून "ही वरची बाजू, लवकर!" म्हणत बोट ठेवलं. गाडी सुटता सुटता खिडकीतून रुपया दिला, आणि तेव्हा दिसलं. कडी चारमिनारच्या पायाला! माझी वरची बाजू सोनाराची खालची होती!

"वन्सं, थांबा! चारमिनार उलटा आहे!"

कंडक्टरनं घंटी मारली.

दुसऱ्या दिवशी मांडवात व्याहीणबाईंनी पहिला हात माळेलाच घातला. "अगं बया! चारमिनार डोक्यावर उभा हाय की! मी म्हणलं नव्हतं का खोटा हाय?"

वन्संचा चेहरा उतरला. मी घसा साफ केला आणि टाकसाळीपासून सुरुवात केली. कोणी ऐकेना. तेवढ्यात मान खाली घातलेल्या शांतानं रुपया चिमटीत उचलला.

"मामी, उलटा कुठाय? मला तर सरळच दिसायलाय."

व्याहीणबाईंनी स्वतःच्या गळ्यातल्या माळेतला रुपया उचलून पाहिला. त्यांना तो उलटा दिसला. मग आणखी एकदा पाहिला.

"वैनी," त्या मला म्हणाल्या, "तुमचा सोनार कुठं बसतो?"

ती माळ शांताकडे अजून आहे. लग्नाचा फोटोही आहे. त्यात चारमिनार उलटा आहे, आणि शेजारी तोंड उघडं टाकून उभी आहे ती परभणीची नाणेतज्ज्ञ.