काकींची बरणी

बरणीवरचं फडकं उचलायचं, आत डोकावायचं, नाक मुरडायचं आणि पुन्हा झाकायचं. "रवांदे. रंग बसाक नाय अजून." नाहूरच्या आमच्या बैठ्या चाळीत शेजारच्या काकांची सकाळ अशी सुरू होई.

काका घडीचे चाकू बनवत. गिरणी बंद पडली तेव्हा कानस घेऊन ओट्यावर बसले ते बसलेच. मुठीला म्हशीच्या हाडाच्या पट्ट्या. हाडं उकळायच्या दिवशी सगळी चाळ खिडक्या लावून घेई, आणि मे महिन्यात तीच चाळ आंबे कापायला काकांचा चाकू मागायला येई. असे शेजारी तुमच्याही ओळखीचे असतील.

चाकू तयार झाला की काका तो कानाशी धरून मिटत. 'टक' मनासारखं आलं तरच गिऱ्हाइकाला देत.

पण खरी मिजास मुठीच्या हिरव्या रंगाची. शेवाळी म्हणावा तर नाही, पोपटी तर मुळीच नाही. शिरक्यात तांब्याचे तुकडे टाकून तो काकींनी केला होता. काकी गेल्यावरही काकांनी बरणी कधी रिकामी केली नाही. विरजणासारखं जुन्यातच नवं घालत राहिले. "तेच्यात तिचो हात आसा गो," मला म्हणत. पट्टी बुडवताना बरणीशी दोन शब्द बोलतही. आम्ही हसायचो.

गेल्या पावसाळ्यात चाळीत दोघांना डेंग्यू झाला. साचलेलं पाणी तपासायला माणसं यायची होती आणि काका हाडं आणायला गेलेले. त्यांना उगाच बोलणी बसायला नकोत म्हणून मी ती बरणी माझ्या मोरीत ओतली. घासून, धुऊन, ओट्यावर पालथी घातली. वर चांगलं काम केलं म्हणून चहा प्यायले.

काका आले आणि बरणीसमोर उभे राहिले.

"काका, पाणी साचलेलं ना, डास झाले असते."

"त्या आंबट पाण्यात डास खंयचो जगतलो गो?"

एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

नवा रंग त्यांनी तीनदा केला. तिन्ही वेळा पट्टी उजेडात धरून म्हणाले, "ह्यो तिचो नाय." त्यानंतर त्यांच्या चाकूंच्या मुठी पांढऱ्याच राहिल्या.

एका दुपारी काका दारात आले. "मोरी बघू?" माझ्या पांढऱ्या लादीवर हिरवा डाग उरला होता, किती घासला तरी न गेलेला. काका उकिडवे बसले, लादी ओली केली आणि खिशातली हाडाची पट्टी त्या डागावर दाबून धरली. किती वेळ, कोण जाणे. मी मागे उभी होते. पट्टी पांढरीच निघाली.

"रवांदे," म्हणाले, आणि माझ्याच खांद्याला धरून उठले.

थंडीत काका गेले. त्यांच्या खोलीला कुलूप आहे. तरी सकाळी कधी कधी भिंतीपलीकडून 'टक' ऐकू येतं आणि माझ्या हातातलं काम थांबतं. आमच्या ह्यांनी मोरीची लादी बदलायला माणूस बोलावला होता, मी त्याला दारातूनच परत पाठवलं.

आता मी आंघोळीला एका कडेला बसते. रोज वाटतं, डाग कालच्यापेक्षा फिका झालाय. पाणी त्या बाजूला वळलं की हात आडवा घालते.