मांस अजून फ्रीजमध्येच होतं

आखातात, अल रीम बेटावर आमच्या मजल्यावर राहणाऱ्या मेक्सिकन बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. दर शुक्रवारी त्या बीफचा लाल मिरचीतला रस्सा करायच्या. तव्यावर सुक्या मिरच्या भाजताना खोकायच्या आणि खोकता खोकता हसायच्या.

एकदा कुणीतरी सिक्युरिटीकडे तक्रार केली, "बीफचा वास येतो." वासावरून माणसाला हटकायचं? मी तडक त्यांच्या दारात गेलो. "आपण सह्या गोळा करू!"

त्यांनी एप्रनला हात पुसले. "हबीबी, सिक्युरिटीवाला आला तेव्हा मांस फ्रीजमध्येच होतं. मी नुसत्या मिरच्या भाजत होते."

घरी येऊन तावातावाने सांगितलं, तर तक्रार आमच्या आईचीच निघाली.

"आई, तो वास मिरच्यांचा होता, आपण मसाल्याला भाजतो तसाच."

आईने नाक मुरडलं. मग म्हणाली, "मग करपवते कशाला? मंद आचेवर भाज म्हणावं."

सह्या राहिल्या. निरोप मात्र मी लगेच पोचवला.