स्टिअरिंग सोडून नमस्कार

आयोवातली आमची काउंटी न बघता परत गेलेला पाहुणा अजून जन्माला यायचाय. माझ्या बायकोच्या मावशीचे यजमान त्याला जाऊच देत नसत. काका गुरांचे डॉक्टर. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्याएवढी, आणि तिच्यातली प्रत्येक गाय त्यांना ओळखायची. "आधी काउंटी, मग वरणभात," हा त्यांचा नियम असल्यामुळे पाहुणे आले तरी मावशी कुकर लावायची घाई करत नसत. पहिल्या गावात कोर्टाच्या मनोऱ्यावर मोठं घड्याळ होतं. ते बंद आहे असं कुणी म्हणालं की काका म्हणायचे, "चालू करून करायचं काय? इथे घाई कुणाला आहे?" पुढच्या गावात पोस्ट आणि बार यांची भिंत एकच. "लोक इकडे पत्र टाकतात आणि तिकडे उत्तराची वाट बघत बसतात." तिसऱ्या गावात एक चर्च, धान्याचं एक उंच कोठार आणि एक कुत्रा. त्या कुत्र्याचीही ते ओळख करून द्यायचे, आडनावासकट!

या भागात समोरून गाडी आली की ओळख असो नसो, स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचा रिवाज आहे. काकांना ते फारच कंजूष वाटायचं. "एका बोटाने कसला रे नमस्कार?" म्हणत ते स्टिअरिंग सोडून दोन्ही हात जोडायचे, शिवाय मानही झुकवायचे. शेतकरी आधी घाबरले असावेत, पण पुढे पुढे एकेक जण तसेच हात जोडू लागला.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला डेट्रॉइटजवळच्या मोटारींच्या कारखान्यातली माझी नोकरी गेली आणि इथल्या एका छोट्या कारखान्याने बोलावलं. होय की नाही ते सोमवारी कळवायचं होतं. माझ्या बायकोला, वसुधाला, दिवस गेलेले. काकांच्या गाडीतून नुसता मकाच मका बघून तिचा चेहरा उतरत गेला. शेवटी ती म्हणालीच, "काका, इथे काही झालं तर येणार कोण?"

काका उत्तर देणार तोच समोरून एक पिकअप आला. सवयीने हात जोडले गेले आणि आमची गाडी अगदी सावकाश रस्त्याकडेच्या चरात उतरली. काका बैलगाडीच्या वेगाने चालवायचे म्हणून कुणाला खरचटलंही नाही. पिकअपमधला शेतकरी उतरला, आधी रीतसर हात जोडले आणि मग म्हणाला, "डॉक, अगेन?" त्याच्यामागे आणखी एक गाडी थांबली. मग ट्रॅक्टर आला. शेजारच्या शेतावरची बाई वसुधासाठी खुर्ची आणि लिंबाचं सरबत घेऊन धावत आली. शेवटी तो आडनाववाला कुत्राही आला. चिखलाने माखलेले काका वसुधाला म्हणाले, "बघ वसू, एवढे सगळे येतात." कित्येक आठवड्यांनी ती खळखळून हसली, आणि मक्याच्या कडेला खुर्चीत बसूनच मला म्हणाली, "अरे, होय कळवून टाक."

काका आता थकलेत, टेक्सासमध्ये प्लेनोला मुलाकडे राहतात. परवा फोनवर म्हणाले, "हायवे केवढा मोठा आहे रे, पण नमस्काराला उत्तर येत नाही." आता पाहुण्यांना काउंटी वसुधा दाखवते. मुलगी मागच्या सीटवरून त्या चराची जागा दाखवते. समोरून गाडी आली की वसुधा एकच बोट उचलते. ड्रायव्हिंगच्या बाबतीत ती काकांच्या वळणावर गेलेली नाही. पिकअपमधला तो शेतकरी आता पार म्हातारा झालाय, पण अजून दोन्ही हात जोडतो.