ओसरीवरच्या सारख्या बंदुका

बंदूक घरात न्यायची नाही, ही आमच्या खाडीची रीत. चुलीच्या उबेत गार लोखंडाला घाम फुटतो आणि गंज धरतो. म्हणून बंदूक ओसरीवरच्या खुंटीला आणि माणूस आत कॉफीला. जुन्या बंदुका हाताला ओळखू यायच्या, त्यामुळे कधी गोंधळ झाला नव्हता.

जपानशी युद्ध पेटलं आणि सरकारने किनारा राखायला आम्हा लाकूडतोड्यांचं, कोळ्यांचं राखण पथक उभं केलं. नव्या बंदुका मिळाल्या. खालचा दांडा पुढे ढकलून मागे ओढला की गोळी चढायची. सगळ्या एका साच्यातल्या.

हाल्वर ब्रेके एकसष्ट वर्षांचा. मुलगा नौदलात, त्यामुळे घरी बसणं त्याला जड जात होतं. उजव्या डोळ्यावर सारा येऊन दिसेनासं झालेलं, पण ते फक्त बायकोला, रग्नाला माहीत. उजव्या खांद्याला बंदूक लावून, मान वाकडी करून तो डाव्या डोळ्याने नेम धरी. बंदूक कलायची आणि गोळी डावीकडे जायची. म्हणून त्याने नळीवरची मागची खाच हातोडीने ठोकून उजवीकडे सरकवली होती.

रविवारी शाळेच्या ओसरीवर बंदुका टांगून आत कॉफी झाली आणि मग पथकाच्या कॅप्टनने नेमबाजीची परीक्षा घेतली. पाचांतल्या निदान तीन गोळ्या नेमावर लागल्या नाहीत, तर बंदूक परत.

हाल्वरच्या पहिल्या तिन्ही डावीकडे गेल्या. आता डावाही डोळा गेला की काय? त्याने तो चोळला, झाकला, पुन्हा उघडला. समोरचं देवदाराचं झाड तर लख्ख दिसत होतं.

पुढचा नंबर आन्टन लुंडेचा. खाडीतला पहिला नेमबाज. त्याच्या गोळ्या उजवीकडे!

"काय रे आन्टन, कॉफीत काय घातलं होतंस?" मागून कोणीतरी विचारलं.

"बंदुकीलाच चढली असेल," आन्टन म्हणाला, पण चेहरा पडलेला. त्याने बंदूक उलटसुलट पाहिली. "ही खाच कोणी ठोकलीय? ही माझी नव्हेच!"

कॅप्टन ओरडला, "कोणाची आहे ही?"

हाल्वरने खाच ओळखली होती. हो म्हणावं तर डोळा उघडा पडणार, नाही म्हणावं तर बंदूक जाणार. त्यात आन्टन बिचारा हकनाक नापास होत होता.

"माझी," तो म्हणाला. "उजव्याने दिसत नाही, साहेब."

"एका डोळ्याने पहारा करणार?"

"नेम धरताना तुम्ही तरी दोन कुठे उघडे ठेवता?"

सगळे हसले. कॅप्टनला रागवावं की हसावं कळेना. "बरं, मार," तो म्हणाला.

आपली बंदूक हाती येताच हाल्वरच्या पाचांतल्या चार लागल्या. बंदूक त्याच्याकडेच राहिली.

पुन्हा घोळ नको म्हणून रग्नाने त्याच्या बंदुकीच्या दांड्याला लाल लोकरीचा धागा बांधला. युक्ती सगळ्यांच्या बायकांना पटली. लोकर मात्र दुकानात एकाच रंगाची होती. पुढच्या रविवारी ओसरीवर सगळ्या दांड्यांना लाल धागे, आणि हाल्वर एकेक खाच बोटाने चाचपत उभा.