पडद्यावरचा रोजा

“माझा रोजा आहे,” असं म्हणून चाचा पडद्यावरच्या केळ्यावरून उडी मारायचे आणि पुढे जायचे.

तुमच्यापैकी कुणी त्या काळात व्हिडिओ गेम खेळलं असेल, तर ती फळं आठवतील. शालिमार चौकाच्या मागच्या गल्लीतल्या गेम पार्लरमध्ये दोघांनी मिळून खेळायचं एकच मशीन होतं. दोन बुटके गडी फळीवरून फळीवर उड्या मारत वर चढायचे. राक्षस मारला की त्याचं फळ व्हायचं. पटकन उचललं नाही तर ते विरून जायचं. पुरेशी फळं जमली की आणखी एक जीव मिळायचा.

चाचा शेजारी रिक्षाच्या सीटा शिवायचे. मी समोरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात कामाला. संध्याकाळी आम्ही जोडीने खेळायचो. एरवीही ते फळापाशी थांबायचे. “आधी तू घे.” मी घ्यायचो. त्यांच्या वाटचंही घ्यायचो.

“अरे, पोट आहे का गोदाम?” ते हसायचे.

रमजानमध्ये तर अजान होईपर्यंत ते एकाही फळाला हात लावायचे नाहीत. पार्लरवाला चिडवायचा, “चाचा, काचेतलं केळं ते. त्यानं कुठं रोजा तुटतो?”

“ठाऊक आहे मला. पण आत जो उड्या मारतो, तो मीच ना?”

शेवटचा पडदा दोघेही जिवंत असतील तरच उघडायचा. तो आम्ही कधी पाहिला नव्हता. त्या वर्षी चाचांना सुईत दोरा ओवता येईना, म्हणून मुलाने त्यांना मालेगावला कायमचं न्यायचं ठरवलं. रमजानच चालू होता. जायच्या आदल्या संध्याकाळी ते म्हणाले, “आज शेवट बघूनच जाऊ.”

कधी नव्हे इतके पुढे गेलो. त्यांचा एकच जीव उरला होता, आणि पायाशी केळं पडलं. तेवढं घेतलं की नवा जीव मिळणार होता.

“घ्या चाचा. आत्ता होईल अजान.”

“झाली की घेईन.”

केळं विरलं. पुढच्याच फळीवर राक्षसाने त्यांना गाठलं.

“तुमच्या नाटकापायी सगळं गेलं,” मी पडद्याकडे बघतच म्हणालो.

“तू खेळ,” ते म्हणाले. “तुझे आहेत अजून.”

एकट्याला शेवट दिसणार नव्हता, हे मला माहीत होतं. तरी मी फळं गोळा करत राहिलो. अजान झाली. कागदाची पुडी उलगडल्याचा आवाज आला. माझे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून त्यांनी माझ्या तोंडापाशी खजूर धरला. मी न बघता तोंड उघडलं. खेळ संपवून वळलो तेव्हा ते गेले होते.

मालेगाव काही लांब नाही. लाजेपायी मी गेलो नाही, आणि पुढे चाचाच राहिले नाहीत, मग जायला कारणच उरलं नाही. आता त्यांना आठवायला बसलो की तीच संध्याकाळ येते. तिच्यात त्यांचा चेहरा नसतो. तोंडाशी आलेली, सुयांनी राठ झालेली बोटं तेवढी असतात.