नदीकाठच्या हॉटेलातले आजोबा

मुठेच्या काठावरच्या त्या चकचकीत हॉटेलात आम्ही हौसेने दोन दिवस राहिलो. सकाळी नाश्त्याला शेजारच्या टेबलावर पांढरी टोपी घातलेले एक आजोबा रिकामी ताटली घेऊन बसले होते. सून दोनदा बोलावून गेली, तरी हलेनात. नजर मात्र प्रत्येकाच्या ताटलीवरून फिरत होती. स्वतः वाढून घ्यायला संकोचत असतील, असं वाटून उठता उठता मी विचारलं, "आजोबा, काही आणून देऊ का?"

"नगं. तुमी खावा पोटभर. समद्यांचं झालं की मी घेतो." त्यांनी जमिनीकडे हात केला. "हितं आमचं भाताचं खाचर व्हतं. पाव्हण्यांच्या आदी मी कसा खाऊ?"

मी पुन्हा बसलो आणि ताटलीत टाकलेली इडली संपवली.